पवित्र भूमीच्या यात्रेतली ठिकाणं निम्मी करा

प्रति,
पवित्र भूमीची यात्रा नेणारे सर्व धर्मगुरू व पाळक, धर्मग्रामांच्या यात्रा समित्या आणि यात्रा कंपन्यांचे चालक यांस,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम नमस्कार.

मी वसईतल्या एका धर्मग्रामातला, म्हणजे पॅरिशमधला. पवित्र भूमीला, म्हणजे येशू जिथं वावरला त्या इस्राएल-पॅलेस्टाईनला, गटाबरोबर जाऊन आलो आहे. आमच्या गावातले आणि नात्यातले बरेच जण तुमच्यापैकी कोणाच्या ना कोणाच्या गटातून जाऊन आले, त्यांच्याशीही निवांत बसून बोललो आहे. त्या सगळ्यातून माझी एक मागणी पक्की झाली आहे आणि ती सर्वांसमोर मांडावी म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहे. तुमच्या कार्यक्रमातली ठिकाणं निम्म्यावर आणा, आणि जी उरतील तिथं माणसाला थांबू द्या.

ही तक्रार एका फादरांविरुद्ध किंवा एका कंपनीविरुद्ध नाही. वसई, मुंबई, पुणे, नगर, जालना, कुठलंही पत्रक घ्या, मजकूर थोड्याफार फरकानं तोच असतो. विमानानं अम्मान. नेबो डोंगर. सीमा ओलांडून गालील. काना, नाझरेथ, ताबोर, यार्देन नदी, यरीहो, मृत समुद्र. बेथलेहेम, जेरुसलेम. मग ताबाची सीमा, सिनाय पर्वत, कैरो आणि पिरॅमिड. तीन देश आणि जेमतेम दहा-अकरा दिवस. सीमेवरच्या रांगा, बसमधले तास, रोज रात्री नव्या हॉटेलात बॅगा उघडणं आणि पहाटे त्या पुन्हा भरणं, एवढं वजा केल्यावर प्रार्थनेला काय उरतं ते तुम्हाला ठाऊक आहे. कार्यक्रम तुम्हीच आखता.

आणि या यात्रेला येतं कोण? वाडीतली भाजी आणि फुलं दादरच्या बाजारात नेऊन ज्यांनी घर चालवलं त्या बाया. निवृत्तीचे पैसे हाती आल्यावर पहिला खर्च या यात्रेचा करणारे शिक्षक. मुलांनी लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाची भेट म्हणून पाठवलेली जोडपी. भिशीचे पैसे साठवून आलेल्या विधवा. दीड-दोन लाख रुपये ही त्यांच्यासाठी चैनीची रक्कम नव्हे. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात जी गावं ऐकली, क्रुसाच्या वाटेच्या भक्तीत ज्या वाटेवर दरवर्षी मनानं चालले, ती एकदा डोळ्यांनी पाहायची म्हणून ते येतात. बहुतेकांचं हे येणं आयुष्यातलं एकदाच असतं.

गालीलमध्ये मी जे पाहिलं ते आधी सांगतो, कारण माझी मागणी तिथूनच सुरू झाली.

सरोवराच्या काठी जिनोसर इथं एक जुनी होडी जपून ठेवली आहे. १९८६ साली दुष्काळानं पाणी खूप आत सरकलं तेव्हा तिथल्याच दोन मच्छीमार भावांना ती चिखलात सापडली. साधारण सव्वाआठ मीटर लांब, पहिल्या शतकाच्या आसपासची, म्हणजे येशूचे मच्छीमार शिष्य पेत्र आणि आंद्रेय ज्या काळात याच पाण्यात जाळी टाकत होते त्या काळातली. आमच्या गटात वसईच्या पाचूबंदरच्या कोळी बाया होत्या. वाटाड्याचं बोलणं इंग्रजीत चाललं होतं, त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या होडीच्या पोटाशी वाकून फळ्या पाहत होत्या. एक म्हणाली, "ही फळी हिची नाय. दुसऱ्या होडीची काढून लावलेली हाय." दुसरीनं सांध्यांकडे बोट केलं आणि म्हणाली, "गरिबाची होडी हाय ही. परवडल तशी डागडुजी करीत चालवलेली."

अभ्यासकही हेच सांगतात. त्या होडीत बारा प्रकारची लाकडं आहेत, त्यातली कित्येक जुन्या होड्यांची काढून लावलेली. वर्षानुवर्षं ती ठाकठीक करत वापरली आणि अगदीच निकामी झाली तेव्हा कामाच्या वस्तू काढून घेऊन सोडून दिली. पेत्राचं घर कसं होतं, त्याच्या बायकोनं संसार कसा रेटला असेल, येशू त्याला म्हणाला की माझ्यामागं ये तेव्हा त्यानं नक्की काय मागं टाकलं, हे सगळं त्या बायांना त्या फळ्यांत दिसत होतं. एवढ्यात बस निघाल्याची हाक आली. पुढं भर रस्त्यावरच्या एका दुकानात आम्ही तासभर थांबलो.

तिथून अगदी जवळ ताबघा आहे. काठावर काळ्या दगडाचं छोटं मंदिर. पुनरुत्थानानंतर येशूनं शिष्यांसाठी कोळशावर मासे भाजून ठेवले, त्यांना न्याहारीला बोलावलं आणि पेत्राला तीनदा विचारलं की माझ्यावर प्रीती करतोस का, ती जागा परंपरेनं हीच मानली जाते. रात्रभर जाळी टाकून हाती काही न लागलेली माणसं पहाटे किनाऱ्याला येतात, हा प्रसंग आमच्या कोळी बायांना कोणी समजावून सांगायला नको. डिझेलचाही खर्च न निघालेली होडी धक्क्याला लागते तेव्हा घरात काय होतं हे त्यांना माहीत आहे. योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय त्या पाण्याशी बसून मराठीत वाचला असता आणि मग अर्धा तास कोणी काहीच बोललं नसतं, तरी ती सकाळ त्यांना आयुष्यभर पुरली असती. आम्हाला तिथं जेवढा वेळ मिळाला त्यात फोटो काढून झाले.

फादर, मी फोटोंच्या विरोधात नाही. घरी राहिलेल्या आजारी नवऱ्याला दाखवायला फोटो हवाच. पण माणसाला एखाद्या जागी पाच मिनिटंच मिळणार असतील तर तो फोटोच काढणार, कारण पाच मिनिटांत दुसरं काही होतच नाही. घाईत प्रार्थना होत नाही म्हणून यात्रेकरूला बोल लावण्यात अर्थ नाही.

जेरुसलेममध्ये तर ही घाई सोसवत नाही. बहुतेक गटांचा जेरुसलेमचा मुख्य दिवस असा असतो: सकाळी जैतुनाच्या डोंगराचा माथा, प्रभूच्या प्रार्थनेचं मंदिर, येशू शहरासाठी रडला ती जागा, त्याला पकडलं ती गेथशेमाने बाग, मग सियोन डोंगरावर शेवटच्या भोजनाची माडी, पेत्रानं येशूला नाकारलं ती जागा, दुपारी पश्चिमेची भिंत, बेथेस्दाचं तळं, येशू क्रूस घेऊन चालला ती क्रुसाची वाट, त्याला क्रुसावर खिळलं ती कालवरी आणि त्याची कबर. येशूच्या दुःखसहनाचा आख्खा आठवडा एका दिवसात कोंबायचा, आणि तोही सत्तरीतल्या माणसांना दगडी पायऱ्यांवरून चालवत. क्रुसाची वाट अंतरानं मोठी नाही, साधारण ६०० मीटरच असेल. पण ती भर बाजारातून, गुळगुळीत झालेल्या दगडांवरून आणि चढ-पायऱ्यांनी जाते. गुडघे दुखणारी बाई वाटेवरच्या चौदा प्रार्थनास्थानांपैकी सातव्या स्थानापाशी पोचते तेव्हा पुढचा गट दहाव्यावर गेलेला असतो आणि आपली माणसं दिसत नाहीत म्हणून ती घाबरलेली असते. ती कसली भक्ती करणार?

गेथशेमानेच्या बागेत जैतुनाची आठ जुनी झाडं आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांतल्या तिघांच्या खोडांची तपासणी झाली तेव्हा ती बाराव्या शतकाच्या आसपासची निघाली. म्हणजे येशूनं पाहिलेली झाडं ती हीच, असं म्हणता येत नाही, पण नऊशे वर्षं यात्रेकरू त्यांच्या सावलीला येत आहेत. शेजारच्या मंदिराची इमारत १९२४ साली पूर्ण झाली. आत मुद्दाम अंधार ठेवलेला आहे, काचा जांभळ्या रंगाच्या आहेत, कारण ती रात्रीची जागा आहे. वेदीपुढं खडक उघडा आहे. "माझ्याबरोबर एक घटकाही जागे राहू शकला नाहीत का?" असं येशूनं शिष्यांना विचारलं ते इथं. निदान या एका जागी तरी आपल्या कार्यक्रमात पुरता एक तास असावा, एवढं मागणं फार झालं का?

पवित्र कबरीच्या मंदिराबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आमच्या लोकांचा सर्वांत मोठा विरस तिथं होतो आणि तो टाळता येण्यासारखा आहे. आपल्या मनात कालवरी म्हणजे शहराबाहेरची उघडी टेकडी असते. प्रत्यक्षात दाट वस्तीतल्या एका दारातून आत शिरावं लागतं. आत काळोख, धूप, ढकलाढकली, तीन-चार भाषांतल्या प्रार्थना एकाच वेळी. आमच्यातल्या एक आजी मला विचारत होत्या, "टेकडी कुठं हाय?" टेकडीच्या खडकापाशीच त्या उभ्या होत्या, पण त्यांना ते कोणी सांगितलं नव्हतं.

सांगायला हवं होतं ते असं. सम्राट कॉन्स्टंटाईननं चौथ्या शतकात इथं मंदिर बांधायला घेतलं तेव्हा कबरीभोवतीचा खडक कापून काढून ती मोकळी केली; ३३५ साली मंदिराचं अर्पण झालं. १००९ साली खलिफा अल-हाकिमच्या हुकमावरून ते पाडलं गेलं. आज उभ्या असलेल्या इमारतीचा बराचसा भाग क्रुसेडच्या काळातला, ११४९ सालचा. कबरीवरची छोटी खोली १८०८ च्या आगीनंतर १८१० साली पुन्हा बांधली. २०१६ साली दुरुस्तीसाठी आतली संगमरवरी लादी उचलली तेव्हा खाली मूळ खडकाचा ओटा शाबूत दिसला. सहा पंथ या एका छपराखाली उपासना करतात आणि दाराच्या चाव्या शतकानुशतकं दोन मुसलमान घराण्यांकडे आहेत. एवढं बसमध्ये वीस मिनिटांत सांगून होतं. हे ठाऊक असलेला माणूस तिथली गर्दी आणि काळोख पाहून खट्टू होत नाही. इतक्यांदा पाडून, जाळून, पुन्हा बांधून लोकांनी ही जागा सोडली नाही हे त्याला कळतं, आणि तोही त्या रांगेत उभा राहतो.

आणि रांगेचंही तसंच. दुपारी त्या खोलीपुढं तास-दोन तास थांबावं लागतं आणि आत गेल्यावर गुडघे टेकतात न टेकतात तोच बाहेर निघायची खूण होते. पण मंदिराचं दार पहाटे चार-पाचला उघडतं. त्या वेळी तिथं मोजकी माणसं असतात. फ्रान्सिस्कन संघाच्या यात्रेकरू कार्यालयाकडे आधी नाव नोंदवलं तर कबरीपाशी किंवा कालवरीवर गटाला मिस्साची, म्हणजे कॅथलिक उपासनेची, वेळ मिळू शकते. आपली माणसं पहाटे चारला उठायला कुरकुर करतील असं वाटतं का तुम्हाला? वाडीत पाणी सोडायला, बंदरावर मासळी घ्यायला ती जन्मभर त्याच वेळेला उठली आहेत. ज्या मंडळ्यांना मिस्सा नको, शांत उपासना आणि प्रभुभोजन हवं, त्यांच्यासाठी दमास्कस दरवाजाबाहेरची, काही जण येशूची मानतात ती, बागेतली कबर आहे. तिथं आधी वेळ मागून गटाला एका कोपऱ्यात बसता येतं.

फ्रान्सिस्कन बंधू १२१७ पासून पवित्र भूमीत आहेत. आपले वसईचे संत गोन्सालो गार्सिया, १५९७ साली नागासाकीला क्रुसावर प्राण दिलेले, ते याच संघाचे बंधू. गुड फ्रायडेला आपल्या चर्चमध्ये जी वर्गणी गोळा होते त्यातला मोठा वाटा याच बंधूंकडून त्या जागांच्या आणि तिथल्या ख्रिस्ती लोकांच्या देखभालीसाठी जातो. ज्या घरात आपण वर्षानुवर्षं पैसे पाठवतो तिथं पाहुणे म्हणून गेल्यावर घरच्यांची चौकशीही न करता निघायचं?

हा मुद्दा बेथलेहेमला येऊन ठेपतो. आपले बहुतेक गट रात्रीच्या मुक्कामाला बेथलेहेममध्येच असतात, कारण तिथली हॉटेलं जेरुसलेमपेक्षा स्वस्त. म्हणजे तीन-चार रात्री आपण येशूच्या जन्मगावी झोपतो. पण अंधारात येतो, जेवतो, झोपतो आणि उजाडायच्या आत बसमध्ये बसतो. तो ठेंगणा दरवाजा, जेमतेम सव्वा मीटर उंचीचा, त्यातून वाकून आत जाणं, खाली गुहेत चांदीच्या चौदा टोकांच्या ताऱ्याला हात लावणं, एवढं झालं की बेथलेहेम संपलं. तिथं राहणाऱ्या एकाही ख्रिस्ती कुटुंबाशी आपली गाठ पडत नाही.

एके काळी हे गाव बहुसंख्येनं ख्रिस्ती होतं. आज तिथं ख्रिस्ती अल्पसंख्य आहेत आणि तरुण मुलं परदेशाची वाट धरतात. जैतुनाच्या लाकडाच्या मूर्ती कोरणारी घरं पिढ्यानपिढ्या यात्रेकरूंवरच जगली. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटलं आणि आपले गट रद्द झाले. आपल्याकडे आगाऊ रक्कम परत मिळण्याची काळजी होती. तिकडं कारागिरांच्या घरात येणारा पैसाच आटला. त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी बेथलेहेमनं नाताळची रोषणाई आणि मिरवणुकीचा थाट केला नाही, फक्त प्रार्थना केल्या. गाव आणि जेरुसलेम यांमधलं अंतर दहा किलोमीटरच्या आतबाहेरचं. आपली बस तपासणी नाक्यावरून दोन मिनिटांत सुटते. बेथलेहेमच्या ख्रिस्ती माणसाला मात्र ईस्टरला पवित्र कबरीपाशी जायचं तर परवाना काढावा लागतो, आणि तो मिळेलच असं नाही. आपल्या यात्रेकरूला हे माहीत असायला हवं. त्यावरून त्यानं कोणतं राजकीय मत बनवावं हे सांगायला मी बसलेलो नाही. पण ज्यांच्या दारात आपण उतरलो त्यांचं दुःख त्याच्या प्रार्थनेत असावं.

म्हणून माझी विनंती अशी की एक रविवार बेथलेहेममध्ये राखून ठेवा. जन्मस्थानाच्या मंदिराला लागूनच संत कॅथरीनचं चर्च आहे. ते तिथल्या लोकांचं धर्मग्राम. त्यांच्या अरबी मिस्सेला आपला गट मागच्या बाकांवर बसू द्या. शब्द कळणार नाहीत, मिस्सा कळेल. नंतर आवारात त्यांच्या बायका आपल्या बायकांचे हात हातात घेतील, लुगड्याच्या काठाकडे पाहतील, मुलं किती म्हणून बोटांनी विचारतील. एखाद्या कोरीवकाम करणाऱ्याच्या कारखान्यात सरळ जा आणि मूर्ती त्याच्या हातून घ्या. रस्त्यावरच्या मोठ्या दुकानात बस उभी करून, दार लावून, तासभर खरेदी करायला लावणं बंद करा. तिथं कुणाला किती टक्के मिळतात याची कुजबुज प्रत्येक गटात होते आणि त्यानं तुमच्याच नावाला बट्टा लागतो.

यात्रा नीट कशी करावी हे जुन्या यात्रेकरूंनी आपल्याला लिहून दाखवलेलं आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची एक बाई युरोपच्या पश्चिम टोकाकडून पवित्र भूमीला आली आणि घरच्या भगिनींसाठी तिनं सगळं लिहून ठेवलं. तिचा रिवाज साधा होता. ठिकाणावर पोचलं की आधी प्रार्थना, मग त्या जागेविषयीचा बायबलमधला उतारा तिथंच वाचायचा, मग त्याला साजेसं स्तोत्र, पुन्हा प्रार्थना, आणि त्यानंतर पाहणं. सोळाशे वर्षांनंतरही याहून चांगली पद्धत मला सुचत नाही. तिला साहित्यही काही लागत नाही. बायबलची एक मराठी प्रत, नीट वाचणारा एक आवाज आणि गाणारी चार माणसं. बेथेस्दाच्या तळ्याशेजारी संत ॲनाचं बाराव्या शतकातलं मंदिर आहे. त्यात आवाज असा घुमतो की दहा जण गायले तरी शंभरांचा गायनवृंद वाटावा. तिथं मराठी गीत गाताना आमच्यातले, एरवी चर्चमध्ये तोंड न उघडणारे पुरुष रडले. तेवढं एकच ठिकाण असं निघालं की तिथं आम्हाला कोणी घाई केली नाही, कारण पुढच्या गटाला यायला उशीर झाला होता.

तुमच्या बाजूचं म्हणणं मी ऐकलेलं आहे आणि त्यात तथ्य आहे. लोक पत्रकातली नावं मोजतात, शेजारच्या धर्मग्रामाच्या गटाला पंचवीस ठिकाणं आणि आपल्याला बाराच का, असं विचारतात. शिवाय माणूस एकदाच येणार असेल तर त्याला सगळं दाखवायला नको का? नेबो डोंगरावरून मोशेनं वचनदत्त देश पाहिला, ती जागा मोठीच आहे. सिनायच्या पायथ्याचा मठ सहाव्या शतकापासून अखंड चालू आहे, तो तर पाहावाच. पण त्यांच्यासाठी वेगळी यात्रा काढा, जुन्या कराराची यात्रा म्हणून, तिथंही वेळ देऊन. एकदाच येणारा माणूस आहे म्हणूनच त्याला धावत नेऊ नका. परत आल्यावर लोकांना काय आठवतं ते तुम्ही स्वतः विचारून पाहा. काना कुठलं आणि कफर्णहूम कुठलं याची त्यांच्या डोक्यात सरमिसळ झालेली असते, आणि जिथं बस बिघडली म्हणून दोन तास सरोवराकाठी बसावं लागलं ती संध्याकाळ ते तासभर सांगतात.

आणि आपल्या लोकांना ठिकाणावर रमता येत नाही असंही नाही. संत फ्रान्सिस झेवियरच्या तीन डिसेंबरच्या फेस्तासाठी, म्हणजे सणासाठी, सिंधुदुर्ग-बेळगावकडची माणसं आजही चालत जुन्या गोव्याला जातात. वेलंकनीला गेलेलं कुटुंब मंदिराजवळच्या वाळूच्या वाटेनं गुडघ्यांवर जातं आणि दोन दिवस तिथून हलत नाही. तीच माणसं पवित्र भूमीत वाटाड्याच्या झेंड्यामागं पळतात, कारण तिथं कार्यक्रम तुमच्या हातात असतो.

तेव्हा माझा हिशेब असा. तीन देशांऐवजी एकच यात्रा, सरळ तेल अवीवला उतरून. गालीलच्या काठी तीन रात्री एकाच हॉटेलात. बेथलेहेम-जेरुसलेमला पाच किंवा सहा रात्री, त्याही एकाच ठिकाणी. दुपारी एक ते चार विश्रांती, विशेषतः यरीहोच्या उन्हात म्हाताऱ्या माणसांना उतरवायचं नाही. शुक्रवारी जेरुसलेममध्ये असाल असं पाहा, कारण त्या दुपारी फ्रान्सिस्कन बंधू क्रुसाची वाट चालतात आणि त्यांच्यामागं जगभरचे लोक असतात. ज्यांना चढ जमत नाही त्यांच्यासाठी एक जबाबदार माणूस मागं ठेवा. गटातला तरुण, यात्राखर्चात सवलत देऊन नेलेला. सीमा ओलांडण्याचे कर, अधिकचे विमानप्रवास आणि हॉटेलांची अदलाबदल वाचली की खर्च वाढायचं कारण उरत नाही. आणि ड्रायव्हर-वाटाड्याच्या बक्षिसीचे डॉलर, जेवणातलं पाणी, विमा, जे काही वेगळं द्यावं लागणार ते पैसे भरण्याआधी पत्रकावर छापा. बसमध्ये माईकवरून डॉलर मागितले की सोबतच्या गरीब माणसाची मान खाली जाते.

उतरल्या दिवशी दुपारभर तुमच्या हाती असेल तर एक सूचना आहे. विमानतळ लोदच्या हद्दीवर आहे. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र जिथं आठ वर्षं अंथरुणाला खिळलेल्या ऐनेयासला उठवतो ते लोद हेच, आणि संत जॉर्जची कबर मानलेलं मंदिरही इथंच. याच लोदमध्ये आणि शेजारच्या रामलामध्ये रायगडच्या गावांतून गेलेले बेने इस्राएल राहतात. घरात मराठी बोलणारे, पुरणपोळी करणारे ज्यू. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यांशी आधी बोलून अर्धा तास चहाला बसा. परक्या देशात पहिल्याच दिवशी "या, बसा" कानावर पडलं की आमच्या आजीबायांची अर्धी भीती जाईल. आणि ज्या धर्मात येशू जन्मला, ज्या सणांसाठी तो जेरुसलेमला जात असे, ते सण आजही पाळणारी मराठी माणसं भेटतील. तसंच याफाच्या संत अंतोनीच्या चर्चमध्ये शनिवारी परदेशी कामगारांची गर्दी असते. त्यात तिथल्या म्हाताऱ्या-आजारी माणसांची सेवा करणारी आपल्याकडची मुलं-मुलीही असतात, घरापासून वर्षानुवर्षं लांब. त्यांच्यासाठी पिशवीत गोड-तिखट काही घेऊन गेलात तर तीही यात्राच.

फादर, पाळकसाहेब, शेवटची गोष्ट तुमच्यासाठी आहे, ती कंपनीच्या हातातली नाही. यात्रेआधी गटाला तीन-चार संध्याकाळी एकत्र बसवा. लूकचं शुभवर्तमान सगळ्यांकडून वाचून घ्या, नकाशा भिंतीवर लावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. आणि यात्रेत तुम्ही स्वतः हजेरी घेण्यात, खोल्या वाटण्यात, पासपोर्ट गोळा करण्यात गुंतू नका. त्यासाठी कंपनीचा माणूस पैसे घेतो. ताबघाच्या काठावर आम्हाला तुमच्या तोंडून शुभवर्तमान ऐकायचं असतं.

पुढच्या वर्षीचं पत्रक छापायला जाण्याआधी एक बैठक बोलवा. समिती, कंपनी आणि पूर्वी जाऊन आलेले दहा-पंधरा यात्रेकरू, त्यात निम्म्या तरी बाया असाव्यात आणि दोन-चार जण सत्तरीपुढचे. जुना कार्यक्रम समोर ठेवून प्रत्येक ठिकाणापुढं त्यांच्याकडूनच तास लिहून घ्या, आणि मग कुठलं गाळायचं ते ठरवा. आमच्या गावातून मी आणि आणखी काही जण यायला तयार आहोत. रविवारची दुसरी मिस्सा झाल्यावर कुठल्याही चर्चच्या सभागृहात बसता येईल. तारीख तुम्ही कळवा.

आपला नम्र,
वसईचा एक यात्रेकरू